चित्र क्रमांक एकशे अडुसष्ट

सीडी बाल्कनीत टांगायची कल्पना सरांची होती, हे काकूंनी एकदाही बोलून दाखवलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात, हातात मुद्दा असून न बोलण्याची त्यांची ही दुसरी वेळ. पहिली कुठली ते सरांना कधी कळलं नाही, कारण त्या बोलल्याच नव्हत्या.

सर म्हणजे कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढलेले डेमॉन्स्ट्रेटर. प्रोफेसर नव्हते, पण बिल्डिंगमध्ये सगळे 'सर' म्हणत आणि त्यांनी कोणाची चूक सुधारली नाही. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. सरसुद्धा. मुलगा लहान असताना त्याच्या मित्रांचं ऐकून सुरुवात झाली, मुलगा परदेशी गेला, मित्र पांगले, काकू राहिल्या.

गेल्या वर्षी कबुतरांनी बाल्कनीचा ताबा घेतला तेव्हा सरांनी कुठेतरी वाचलं, की चकचकीत सीडी दोरीला टांगली की पक्षी बिचकतात. सरांनी कपाटाचा खालचा खण उपसून अकरा सीड्या काढल्या. त्यात प्रिंटरची एक होती, एक शब्दकोशाची, एक पुतण्याच्या लग्नाची (ते लग्न सीडीपेक्षा आधी खराब झालं), आणि एक पांढऱ्या कागदी पाकिटातली. पाकिटावर काकूंचं नाव आणि सहा वर्षांपूर्वीची तारीख. "तुझा तो न्यूमोनिया," सर म्हणाले, "तो तर बरा झाला." सीडी दोरीला गेली. पाकीट पाठकोरं होतं म्हणून सरांनी ते ठेवून घेतलं आणि त्यावर प्लंबरचा नंबर लिहिला.

कबुतरं बिचकली नाहीत. ती येऊन सीडीत तोंड बघायची, मग तिथेच घाण करायची. वारा आला की अकराच्या अकरा सीड्या लोखंडी गजांवर आपटायच्या आणि शेजारचे आजोबा विचारायचे, "सर, देऊळ काढलंत का घरात?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण काकूंचा खोकला दोन महिने हटेना, वजन सहा किलो उतरलं आणि छातीच्या डॉक्टरांनी नवा स्कॅन काढून पडद्यावर लावला.

"हे बघा. डावीकडे, खाली. एकशे अडुसष्ट नंबरचं चित्र." डॉक्टरांनी पेनाचं टोक ठेवलं. करड्या-काळ्या गोळ्यात एक पांढरा ठिपका होता. "आठ मिलिमीटर."

"म्हणजे?" सर म्हणाले.

"म्हणजे अजून काहीच नाही. सहा वर्षांपूर्वी स्कॅन झालाय म्हणता ना? त्यात हा ठिपका असेल तर हा जुना व्रण आहे. विसरून जा, घरी जाऊन झोपा. त्यात नसेल तर हा नवा आहे." पुढचं वाक्य डॉक्टरांनी बोलायचं टाळलं आणि काकूंकडे वळले. "मावशी, वजन मुद्दाम कमी केलंत का?"

"मुद्दाम वीस वर्षं करत होते," काकू म्हणाल्या. "तेव्हा झालं नाही."

डॉक्टर हसले नाहीत. सरांना ते पटलं नाही. एरवी काकूंच्या बोलण्यावर सगळे हसतात.

"तेव्हाच्या रिपोर्टच्या कागदावर असला काही ठिपका लिहिलेला नाही," सर म्हणाले.

"कागदाचं काय घेऊन बसलात. लिहिणाऱ्याला तेव्हा न्यूमोनिया शोधायचा होता, तो सापडला, त्यानं लिहिला. एवढासा ठिपका कोण लिहितंय. मला चित्रं बघायची आहेत. सीडी दिली असेल ना त्यांनी?"

"दिली होती," सर म्हणाले.

"मग गुरुवारी अकराला घेऊन या."

"आणि समजा, नाही मिळाली तर?"

"तर कळायला मार्ग नाही. ही जागा अशी अडचणीत आहे, की सुई घालून तुकडा काढता येणार नाही. छाती उघडूनच बघावं लागेल." डॉक्टर उठले. "सीडी मिळेल हो. लोक सहसा जपून ठेवतात."

परत येताना काकूंनी बसमध्ये खिडकीची जागा घेतली आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. सर त्यांच्या बाजूला मांडीवर फाइल घेऊन, वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखे बसले होते.

जुन्या स्कॅन सेंटरला फोन केला. तिथे आता व्यायामशाळा होती. फोन उचलणाऱ्या माणसाने पहिल्या महिन्याला सवलत देऊ केली.

मग सर बाल्कनीत स्टूल घेऊन चढले. अकरा सीड्या उतरवल्या, बादलीत साबणाच्या पाण्यात बुडवल्या, आणि त्यातून काकूंना शोधू लागले. मार्करने लिहिलेलं नाव अर्धं उडालं होतं. आडनावाची शेवटची दोन अक्षरं आणि तारखेतला महिना शिल्लक होता. तरी नाव लिहिलेली वरची बाजू बरीचशी शाबूत, कारण ती भिंतीकडे होती. खालची बाजू गजांवर घासून घासून अशी झाली होती, की त्यात कबुतरालाही तोंड दिसलं नसतं.

घरातल्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नव्हती. मुलाचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर होता. तो खाली आला, पुसला गेला, चालूही झाला, पण सीडीचा ट्रे बाहेर येईना. सरांनी कागदाची क्लिप सरळ करून त्या बारक्या भोकात खुपसली. ट्रे जीभ दाखवावी तसा बाहेर आला. सीडी आत गेली. आतून घरघर, मग खर्र, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा खर्र. सरांनी हातातला चहा तसाच धरून ठेवला होता.

पडद्यावर यादी आली. दोनशे चाळीस चित्रं.

"काकू! आली!"

काकू ओल्या हातांनी दारात आल्या. सरांनी पहिलं चित्र उघडलं. गळा. दुसरं, तिसरं. गळ्याखालचं हाड. एकेक चित्र म्हणजे माणसाचा एकेक आडवा काप, वरून खाली. एक्केचाळिसाव्यापर्यंत सगळं सुरळीत उघडलं. बेचाळिसाव्याला कॉम्प्युटर म्हणाला, की ही फाइल वाचता येत नाही. त्रेचाळिसाव्यालाही तेच.

"एकशे अडुसष्ट पाहिजे ना?" काकू म्हणाल्या.

"हो."

"मग अजून खांद्यातच आहोत आपण." आणि त्या भांडी घासायला परत गेल्या.

ती एक्केचाळीस चित्रं लगेच उतरवून घ्यायला हवी होती, हे सरांना नंतर सुचलं. त्या क्षणी त्यांना फक्त एवढं दिसत होतं, की हा प्रश्न त्यांच्या विषयातला आहे. ओरखडा म्हणजे काय, प्रकाशाच्या वाटेतला अडथळा. भिंग खरवडलं की पॉलिश करायचं. सरांनी हयातभर प्रयोगशाळेतली भिंगं स्वतः पुसली होती. शिपायाला हात लावू दिला नव्हता. मलमलीचा तुकडा, किंचित पॉलिश, आणि मधून कडेकडे गोल, गोल, गोल. पोरांना ते सांगत, भिंग पुसताना हात कधी सरळ जाता कामा नये. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक भिंग खराब झालं नव्हतं.

टूथपेस्ट पांढरी होती. मलमल नव्हती म्हणून जुनं बनियन घेतलं. सरांनी सीडी मांडीवर उपडी ठेवली आणि अख्खी दुपार गोल, गोल, गोल पुसली. मधेच काकू म्हणाल्या, "भांडी घासताना असा हात कधी चालवला नाहीत." सरांनी लक्ष दिलं नाही. सीडी धुतली, पुसली, उजेडात धरली. चकाकत होती. आत घातली.

खर्र. खर्र. मग कॉम्प्युटरने विचारलं, की ट्रेमध्ये डिस्क घालता का.

सरांनी ती काढली, पुन्हा घातली. पाच वेळा. पाचही वेळा कॉम्प्युटरने त्याच नम्रपणे डिस्क मागितली.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी सरांच्या तोंडाकडे बघितलं आणि कप ठेवला. "गेलं का?"

"एक्केचाळीस होती ती पण गेली."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि कप त्यांच्यापुढे सरकवून, "साखर बघा, कमी पडली असेल."

सरांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. एरवी टॉवेल ओला ठेवला म्हणून ही बाई अर्धा तास बोलते.

चौकाच्या पलीकडे एक माणूस मोबाइलची कव्हरं विकायचा. पूर्वी त्याच गाळ्यात तो सिनेमाच्या सीड्या भाड्याने द्यायचा. लोक त्या ताटं घासल्यासारख्या ओरखडून परत आणायचे आणि हा रोज रात्री त्या दुरुस्त करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सर सीडी रुमालात गुंडाळून त्याच्याकडे गेले. त्याने ती दोन बोटांवर तोलली, दिव्याखाली तिरकी केली, आणि तोंडातून 'च्' असा आवाज काढला.

"कुणी केलं हे?"

"का?"

"कुणीतरी गोल घासलंय."

"भिंग गोलच पुसतात," सर म्हणाले.

"भिंग पुसा ना मग गोल. हे भिंग थोडंच आहे?" कव्हरवाल्याने बोटाने हवेत चक्र काढलं. "सर, आत गाडी गोल धावते. सीडीवर आडवा चर पडला तर गाडी उडी मारून पलीकडे जाते, तिचं काही बिघडत नाही. पण तुम्ही तिच्या रस्त्यालाच लागून, रस्ता जातो तसा चर खणलात. आता ती त्यात पडली की बाहेर कुठून येणार? शिकलेला माणूस दिसतो. अडाणी माणूस इतकं नीट गोल घासत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला विषयातलं कोणी काही शिकवतंय आणि ते बरोबर आहे, हे दोन्ही एकदम पचवायला सरांना वेळ लागत होता.

"काय आहे हिच्यात? लग्न?"

"बायको आहे," सर म्हणाले, आणि काय आहे ते सांगितलं.

कव्हरवाल्याने समोरच्या गिऱ्हाइकाला "नंतर या" म्हणून घालवलं. पॉलिशचं यंत्र त्याने कधीच भंगारात दिलं होतं. पण त्याने कसं करायचं ते दाखवलं: मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ रेघ, मग हात उचलायचा, मग पुढची रेघ. चाकाच्या आऱ्यांसारखं. परत फिरवायचं नाही, घाई करायची नाही, आणि छापील बाजूला नखसुद्धा लावायचं नाही. "खाली नुसतं प्लास्टिक असतं, ते झिजवता येतं. चित्रं वरच्या बाजूला असतात, छपाईच्या खाली. तिकडून खरवडली की देवालाही परत आणता येत नाहीत. आणि जेवढं उघडेल तेवढं आधी उतरवून घ्या, सर. मगच पुढचा हात."

पैसे घेतले नाहीत. सरांनी संकोच म्हणून एक कव्हर घेतलं, जे त्यांच्या मोबाइलला बसत नव्हतं.

पुढचे चार-पाच दिवस सरांनी रेघा ओढल्या. डायनिंग टेबलवर दुपट्याची घडी, त्यावर सीडी, डाव्या हाताला टूथपेस्ट, उजव्या हाताला पाण्याचं भांडं आणि एक वही. वहीत दोन रकाने: कितव्यांदा पुसलं, कितवं चित्र उघडलं. पहिल्यांदा शून्य. दुसऱ्यांदा शून्य. तिसऱ्यांदा यादी आली पण चित्र एकही नाही. पाचव्यांदा तेवीस. तेवीस चित्रं पेनड्राइव्हवर उतरवून सरांनी तो खिशात घातला आणि खिशावर हात ठेवून बघितलं.

मुलाचा फोन आला. तिकडे त्याची सकाळ होती.

"बाबा, टूथपेस्टने? सीरियसली?"

"अडुसष्टपर्यंत आलोय."

"मी इथून एखादी कंपनी शोधतो ना. डेटा रिकव्हरीवाले असतात. कुरियर करा."

"गुरुवारी अकराला दाखवायचीय. तुझी कंपनी बुधवारी देणार आहे का?"

मुलगा म्हणाला, "आईला द्या."

काकूंनी फोन घेतला. "अरे काही नाही रे, मजेत आहेत. दिवसभर माझीच सीडी लावून बसतात. लग्नानंतर पहिल्यांदाच एवढं लक्ष दिलंय." पलीकडून काय आलं ते ऐकून त्या म्हणाल्या, "रडायचं काय त्यात? तू जेव आधी."

सोमवारी एकशे दोन. मंगळवारी सकाळी एकशे एकोणतीस, दुपारी तेवढंच, संध्याकाळी एकशे चव्वेचाळीस. चित्रं एकेक कापाने खाली उतरत होती. खांदे संपले, फासळ्या सुरू झाल्या, मग एका बाजूने हृदय डोकवायला लागलं, आधी बोराएवढं, मग मुठीएवढं. सरांना वाटे, आपण हिच्यात एकेक पायरी उतरतोय आणि खाली काय आहे ते माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत होतं, की खाली ठिपका असला पाहिजे. जगातला कुठलाही नवरा बायकोच्या छातीत डाग सापडावा म्हणून इतका झिजला नसेल. सरांच्या उजव्या अंगठ्याची कातडी गेली होती. काकूंनी त्यावर पट्टी लावली आणि म्हणाल्या, "सीडी सोडा, आधी तुम्हीच संपाल."

मंगळवारी जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "असेल ना हो?"

"असणारच," सर म्हणाले. "लहानपणी तू धुरात स्वयंपाक केलास. असले व्रण तेव्हाचेच असतात. मी वाचलंय."

"कुठे वाचलंत?"

सरांनी भाजी वाढून घेतली.

बुधवारी दुपारी सव्वाचारला, सतराव्यांदा पुसल्यावर, सीडी आत गेली आणि खर्र झालंच नाही. एकसारखा वाऱ्यासारखा आवाज आला. सरांनी एकशे पंचेचाळीस उघडलं. उघडलं. शेहेचाळीस, सत्तेचाळीस. त्यांनी आधी सगळी उतरवून घ्यायला लावली, शिस्तीने, आणि हिरवी पट्टी सरकताना बघत बसले. दोनशे चाळीसपैकी दोनशे चाळीस. सगळी. वहीत त्यांनी आकडा लिहिला आणि खाली रेघ ओढली.

मग त्यांनी एकशे अडुसष्ट उघडलं.

डाव्या बाजूला, खाली, जिथे डॉक्टरांनी पेन ठेवलं होतं, तिथे काळं होतं. स्वच्छ, मोकळं, एकसारखं काळं.

एकशे सदुसष्ट बघितलं. एकशे एकोणसत्तर. सहा वर्षांपूर्वी श्वास कमी-जास्त घेतला असेल, चित्र पुढेमागे झालं असेल म्हणून एकशे पन्नासपासून एकशे नव्वदपर्यंत एकेक बघितलं. ई-मेलवर आलेला नवा स्कॅन लॅपटॉपवर शेजारी लावला आणि पडद्यावर बोट टेकवून फासळ्या मोजल्या, इकडच्या आणि तिकडच्या. मणक्याचा तोच कोन, फासळीवरचा तोच उंचवटा, हृदयाची तीच कड. प्रश्नच नव्हता. जागा तीच होती, बाई तीच होती. सहा वर्षांपूर्वी तिच्या फुप्फुसात त्या ठिकाणी हवेशिवाय काही नव्हतं. न्यूमोनिया दिसत होता तो उजवीकडे; हा भाग इतका निरोगी, की डॉक्टरांनी कौतुकानं पोरांना दाखवावा.

सर मागे टेकले. काहीतरी चुकलं असणार म्हणून त्यांनी चूक शोधायला सुरुवात केली, कारण तेवढंच काम त्यांना येत होतं. सीडी दुसऱ्या कोणाची? नाव बघितलं, चित्राच्या कोपऱ्यात काकूंचं नाव आणि वय स्वच्छ छापलेलं. पॉलिशमुळे ठिपका पुसला गेला असेल? चौतीस वर्षं फिजिक्समध्ये काढलेल्या माणसाच्या डोक्यात हा विचार आला, आणि अर्धं मिनिट टिकला.

त्यांनी पुन्हा पडद्याजवळ तोंड नेलं. आणि ठिपका दिसला.

पांढरा, बारीक, डावीकडे. सर खुर्चीतून अर्धे उठले. त्यांनी टेबलाची कड धरली. होता! एवढा वेळ दिसला कसा नाही! त्यांनी चित्र किंचित वर सरकवलं. फासळ्या सरकल्या, हृदय सरकलं, मणका सरकला. ठिपका जागचा हलला नाही.

फासळ्या मोजताना बोटाची टूथपेस्ट काचेला लागली होती.

सरांनी पुसायला बोट उचललं. मग ते तसंच राहिलं. दुसऱ्या हाताने त्यांनी चित्र हळूहळू खाली आणलं, अगदी पहिल्या जागेवर, हृदयाच्या मागे. ठिपका बरोबर तिथे बसला, जिथे असायला पाहिजे होता. आठ मिलिमीटरच भरला असता. त्यात फसवायचा काही हेतू नव्हता. कोणाला फसवणार, खोलीत ते एकटेच होते. त्यांना फक्त तो तिथे कसा दिसला असता ते बघायचं होतं. ते बघत बसले.

"काय हो, आवाज बंद झाला मशीनचा—" काकू दारात होत्या. हातात वाळलेले कपडे होते. त्यांची नजर सरांवरून पडद्यावर गेली, लॅपटॉपवर गेली, परत पडद्यावर आली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आहे की!"

सर वळले.

"आहे की हो! तोच आहे. तिथेच." कपडे खुर्चीवर पडले. काकू खाली बसल्या, जमिनीवरच, पाय पसरून, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागल्या. सरांना पहिल्यांदा वाटलं, रडतायत. "मेला, आठ दिवस जीव घेतला माझा. इतका जुना आहे आणि सांगायचं नाही?"

"काकू," सर म्हणाले.

"थांबा, आधी पोराला सांगते. तो तिकडे जेवत नाहीये." त्या उठल्या, पदराने डोळे पुसत आतल्या खोलीत गेल्या. सरांना त्यांचा आवाज ऐकू येत होता, आठ दिवसांत जो आला नव्हता तो, वरच्या पट्टीतला, शेजाऱ्यांना ऐकू जाणारा. "अरे होता! आधीपासूनच होता! मी बघितला ना माझ्या डोळ्यांनी. हे? हे तर बोलायच्या पलीकडे गेलेत. बसलेत तोंड उघडून."

सर उठले. दारापर्यंत गेले. फोन संपला की सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. मधेच तोडणं बरं दिसलं नसतं. फोन संपला. काकूंनी त्यांच्याकडे न बघताच दुसरा लावला, मोठ्या बहिणीला. त्या बहिणीने आठ दिवस रोज फोन करून धीर दिला होता आणि ठेवताना रोज रडली होती.

"काकू, ऐक जरा."

काकूंनी हात हलवून त्यांना गप्प केलं. "ताई! अगं, विसरून जा म्हणाले होते ना डॉक्टर, जुना असेल तर? विसरले बघ मी! आत्ताच्या आत्ता विसरले!" मग त्यांनी कपाळाला हात लावला. "नाही गं बाई, खोटं कशाला सांगू? बरं, थांब. हिला माझं खरं वाटत नाही. घ्या, तुम्हीच सांगा."

फोन सरांच्या हातात आला. काकू समोर उभ्या होत्या. तोंड लाल झालं होतं, केस सुटले होते; गेल्या दोन महिन्यांत त्या इतक्या बऱ्या दिसल्या नव्हत्या.

"भाऊजी," पलीकडून ताई म्हणाल्या. आवाज आधीच भरून आला होता. "खरंच का हो?"

सरांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी 'सांगा ना' अशी मान हलवली.

"हो," सर म्हणाले.

साडेपाच वाजले होते. डॉक्टरांकडची वेळ उद्या अकराची होती.